आषाढाचा बैल, फाल्गुनाची शर्यत

कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात बैलगाडी शर्यतीचा हंगाम भात घरात आलं की सुरू होतो. कापणी झाली, भारे खळ्यावर आले, झोडणी उरकली, पेंढ्याची गंजी रचून झाली, की शेतं मोकळी होतात. माघात जमीन वाळून टणक होते. गावाबाहेरच्या माळाला लागून असलेली चार-सहा शेतं हेरायची, मधले बांध फोडून सारखे करायचे, दगड वेचून काढायचे, ढेकळं बसवायची, की शर्यतीचा अड्डा तयार. मग माघी जत्रा, शिमगा, चैत्रातल्या यात्रा, अक्षय्य तृतीया असं एकामागून एक मैदान भरत जातं. वैशाख संपता संपता आकाशाकडे लक्ष जायला लागतं, बांध पुन्हा घातले जातात आणि हंगाम मिटतो. ही शर्यत भाताच्या दोन पिकांच्या मधल्या रिकाम्या जागेत जन्मली, हे ध्यानात घेतल्याशिवाय तिचं काहीच नीट कळत नाही.

मी शेलूचा. मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर वांगणी आणि नेरळ यांच्यामधलं हे स्टेशन. एका अंगाला माथेरानचा डोंगर, दुसऱ्या अंगाला उल्हास नदी, मधे भाताची खाचरं. आमच्या घरात शर्यतीच्या गोष्टी जेवणाबरोबर वाढल्या जायच्या. थोरले काका तरुणपणी गाडी हाकायचे. आज मैदानावर ज्याला 'ड्रायव्हर' म्हणतात, तो मान त्यांच्या काळी 'हाकणारा' एवढ्या साध्या शब्दात होता. आमच्या बैलांशिवाय आजूबाजूच्या गावांतले मालकही त्यांना बोलावून नेत, कारण त्यांच्या हाताला बैल घाबरत नसत. बैल नावाने आजोबांचे असले, तरी घरात त्यांच्यावर हुकूम चालायचा आजीचा. काका आणि आजी या दोघांकडून आणि गावातल्या जुन्या माणसांकडून ऐकलेलं मी इथे मांडतो आहे. त्या गोष्टींत आजच्या शर्यतीला लागणारं एक शहाणपण आहे आणि ते सांगणारी पिढी आता फारशी उरलेली नाही.

या मुलखात गाडी आणि बैल शर्यतीसाठी आले नाहीत, ओझ्यासाठी आले. बोरघाटातून पूर्वी लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर गोण्या लादून ये-जा करत. 1830 साली, जॉन माल्कम मुंबईचा गव्हर्नर असताना, घाटात चाकाच्या गाड्या जातील असा रस्ता खुला झाला आणि खोपोली हा गाड्यांचा मोठा तळ बनला. 1856 साली रेल्वे कल्याणहून खोपोलीपर्यंत पोहोचली, 1863 साली बोरघाट चढून वर गेली. घाटातली गाड्यांची वर्दळ ओसरली, पण आमच्याकडे बैलगाडीचं काम उलट वाढलं. जंगलातलं लाकूड, कोळसा, भात आणि मुंबईच्या तबेल्यांना लागणारं गवत स्टेशनापर्यंत नेणार कोण? गाडीवान. गवत कापून, वाळवून, गासड्या बांधून गाड्या भरभरून स्टेशनावर जायच्या आणि परत येताना रिकाम्या असायच्या. जुनी माणसं सांगतात, की शर्यतीची सुरुवात त्या परतीच्या वाटेवर झाली. दिवसभर ओझं ओढलेले बैल, खांद्यावरचा भार गेलेला, नाक घराच्या दिशेने. पुढची गाडी दिसली की मागचे बैल आपोआप पाय उचलायचे. हाकणाऱ्यांची नजरानजर व्हायची आणि गावकुसापर्यंत दोन गाड्या धुरळा उडवत यायच्या. याला कोणाचा लेखी पुरावा नाही. पण बैलांना जवळून ओळखणाऱ्या कोणालाही हे खोटं वाटणार नाही.

काकांच्या आठवणीतली शर्यत अजून या कामाच्या गाडीपासून फार लांब गेली नव्हती. गाडीवरच्या कडा आणि तट्ट्या उतरवून ती हलकी करायची, आखाला वंगण भरायचं, धाव सैल नाही ना ते ठोकून पाहायचं, एवढीच तयारी. पुढे सुताराकडून शर्यतीसाठी वेगळा छकडा करून घेऊ लागले. बैल मात्र तेच. जो बैल आषाढात गुडघाभर चिखलात लावणीची चिखलणी करायचा, दिवाळीनंतर भारे वाहायचा, तोच फाल्गुनात शर्यतीत पळायचा. आणि शर्यत हरला काय, जिंकला काय, पुढच्या आषाढात त्यालाच पुन्हा जू घ्यायचं असायचं.

बैल आणायचा तो बहुतेक म्हशाच्या यात्रेतून. मुरबाड तालुक्यातल्या म्हसा गावी पौष पौर्णिमेला यात्रा भरते आणि तिथला बैलबाजार साऱ्या ठाणे-रायगडात नावाजलेला. आजोबा आणि गावातले चार जण पायी जात, मुक्काम करत आणि बैल चालवतच घरी आणत. त्या परतीच्या चालीत बैलाची अर्धी परीक्षा व्हायची. तो पाणी बघून दबकतो का, रेल्वेच्या शिट्टीला उधळतो का, दुसरा बैल पुढे गेला की कान टवकारतो का, हे सगळं रस्त्यातच कळायचं. बाजारात दात बघायचे, खूर उचलून बघायचे, कातडी चिमटीत धरून बघायची. काका म्हणायचे, की पळणारा बैल दातांत दिसत नाही, डोळ्यांत दिसतो. ज्याचा डोळा शांत आणि कान जागा, तो घ्यावा. डोळा पांढरा करून बघणारा बैल दोन मैदानं गाजवतो आणि तिसऱ्याला कुंपणात घुसतो.

हंगामाची खरी तयारी दिवाळीच्या पाडव्याला सुरू व्हायची. त्या पहाटे बैलांना न्हाऊ घालून, शिंगं रंगवून, अंगावर गेरूचे ठसे उठवून पेंढ्याच्या जाळावरून उडवायची आमच्याकडे रीत आहे. त्या एका उडीत काका बैलाचं मन वाचायचे. मग खुराक वाढायचा. एरवी पेंढा आणि भाताचा कोंडा खाणाऱ्या बैलापुढे हरभऱ्याचा भरडा, शेंगपेंड, उडदाचं पीठ आणि गूळ यायला लागायचा. घरातली पोरं त्या गुळाकडे आशेने बघायची आणि आजी एक खडा बैलाला, एक पोराला असा न्याय करायची. सकाळी रानात लांब चाल, संध्याकाळी उल्हासच्या डोहात पोहणी. पोहण्याने बैलाची छाती भरते आणि खुरांवर ताण येत नाही, हे तेव्हाच्या माणसांना कोणी शिकवलेलं नव्हतं, अनुभवाने उमगलं होतं. भिवपुरीला 1922 साली टाटांचं वीजकेंद्र सुरू झालं आणि तिथून सुटणारं पाणी उल्हासच्या खोऱ्यात यायला लागलं, म्हणून भर उन्हाळ्यातही नदीला बैल पोहण्याइतकं पाणी मिळायचं. त्याच पाण्यावर राजनाला कालव्याखालच्या गावांत उन्हाळी भात उभं राहिलं. त्या गावांत शेतं ओली असायची, म्हणून शर्यतीचा अड्डा भरायचा तो कोरड्या अंगाच्या गावांत.

पोहणी झाली की छकड्याची सवय. नवा बैल नेहमी जुन्याच्या जोडीला द्यायचा. उजवीकडचा बैल कोण, डावीकडचा कोण, हे एकदा ठरलं की सहसा बदलायचं नाही. दोन्ही खांदी चालणारा बैल लाखात एखादा. जोडी जमणं ही शर्यतीतली सगळ्यात अवघड गोष्ट. एक बैल सुटतानाच झेप घेणारा आणि दुसरा हळूहळू तापणारा असेल, तर जू वाकडं होतं आणि छकडा पट्टी सोडतो. काका जोडी जमवायला दोघांना आठवडाभर एकाच दावणीला बांधत, एकाच घमेल्यात खुराक देत. एकमेकांचा घास न हिसकावता खायला लागले, की मग छकड्याला जुपायचे.

आमच्या भागात एका वेळी दोनच गाड्या सोडायची बिनजोड शर्यत जास्त चालते. मालक मालकाला आव्हान देतो, पंच गाड्या जुळवतात आणि दोन्ही छकडे एका रेषेवर आणून उभे करतात. हे उभं करणंच दमछाक करणारं असतं. माणसं वेसणीला धरून बैलांना थोपवतात, बैल मागचे पाय आपटतात, छकडा मागेपुढे हिंदकळतो. हाकणारा कासरा गोळा करून डाव्या मुठीत घेतो, पाय छकड्याच्या दांडीवर रोवतो आणि गुडघे मोडून जवळजवळ बैलांच्या शेपटीशी बसतो. त्या क्षणी त्याने बघायचं असतं झेंड्याकडे, पण लक्ष असतं जोडीच्या कानांकडे. चारही कान पुढे झाले, की बैल तयार. झेंडा पडतो, वेसणी सुटतात, बघे ओरडतात आणि पुढचं सारं काही श्वास धरून मोजावं इतक्या वेळात संपतं. त्यात हाकणाऱ्याला फार थोडं करता येतं. वजन पुढे द्यायचं की मागे, कासरा किती सैल सोडायचा, डावा बैल ओढत असेल तर उजव्याला कोणत्या आवाजाने चेतवायचं, एवढंच त्याच्या हाती. काका सांगत, "बैल पळतो तो आवाजावर. हात नुसता लागला पायजे, बसला नाय पायजे." जिंकलेल्याला नारळ, फेटा, कधी पितळेची कळशी, कधी तांब्याचा हंडा मिळायचा. आमच्या माजघरात असाच एक हंडा पाण्याला होता. त्यावर गावाचं नाव आणि साल ठोकलेलं होतं आणि घरात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला पाणी त्यातूनच दिलं जायचं.

सगळे दिवस हंड्याचे नसत. एका शिमग्याला काकांचा छकडा उलटला. समोरच्या गाडीचा बैल बिथरून पट्टी ओलांडून आला, चाकं अडकली आणि काका दोन्ही गाड्यांखाली सापडले. गुडघा जो गेला तो कायमचा. चार महिने ते ओटीवर होते आणि त्या वर्षीची लावणी भावकीतल्यांनी करून दिली. पण त्या दिवसाची गोष्ट सांगताना ते स्वतःच्या गुडघ्याबद्दल फार बोलत नसत. समोरचा बैल का बिथरला ते सांगत. त्याच्या हाकणाऱ्याने खिळा लावलेली पराणी बाहीत लपवून आणली होती. सुटताना टोचल्यावर बैल वेदनेने जी उडी मारतो, ती सरळ रेषेत नसते. काकांच्या लेखी त्या अपघातातला पहिला जखमी तो बैल होता.

आजीचा नियम याहून कडक. शर्यतीहून गाडी परत आली, की आधी बैलांना पाणी दाखवायचं, मग ती दोघांच्या पाठीवरून, कुशीवरून, मांड्यांवरून सावकाश हात फिरवायची. रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात तिला वळ दिसला नसता, पण बोटांना तो कळायचा. खांद्यावर सूज असेल तर हळद-तेल कढवून लावायची. आणि वळ लागला, तर त्या रात्री हाकणाऱ्याला, तो तिचा मुलगा असला तरी, ताट वाढलं जात नसे. तिचं एक वाक्य गावात अजून सांगतात. "आषाढात याच्याच पाठीमागं चिखलात उभं ऱ्हायचंय तुला. आज मारशील, तर तवा कंच्या तोंडानं त्याच्या मानंवर जू ठेवशील?"

जुन्या शर्यतीचा खरा कायदा या एका वाक्यात होता. फाल्गुनात बैल मोडला, तर आषाढात शेत पडीक राहणार आणि पुढचं वर्ष उसनवारीत जाणार, ही भीती प्रत्येक मालकाच्या पाठीशी उभी असायची. जुनी माणसं सगळीच दयाळू होती असं मी म्हणणार नाही. पराणी लपवणारे तेव्हाही होते. पण त्यांना आवर घालणारी गोष्ट त्यांच्या स्वतःच्याच शेतात होती.

हा आवर आमच्या डोळ्यांदेखत सुटला. आमचा गावठी बैल ठेंगणा, काटक, धो धो पावसात आणि चिखलात न कंटाळणारा. अकोले-इगतपुरीकडचा डांगीही तसाच, मुसळधार पाऊस अंगावर झेलणारा. पण नुसत्या वेगात दोघेही माणदेशी खिल्लारापुढे टिकत नाहीत. आटपाडी, सांगोला, म्हसवडकडचा खिल्लार उंच, सडपातळ, लांब टोकदार शिंगांचा, तापट रक्ताचा. कोरड्या मुलखातला हा बैल आमच्या चिखलात रमत नाही, पण वाळलेल्या मैदानावर तो सुटला की बघत राहावं. बक्षिसं मोठी झाली तसे लोक घाटावरून खिल्लार आणायला लागले. चिखलणीला पॉवर टिलर आणि ट्रॅक्टर आले. काही वर्षांतच कामाचा बैल आणि शर्यतीचा बैल असे दोन वेगळे झाले. शर्यतीच्या बैलाला आता आषाढ नव्हता. तो फक्त पळण्यासाठी होता, आणि पळत नसेल तर कशासाठीच नव्हता.

मोटारींच्या जगातही हेच घडून गेलं आहे. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत शेतकरी, मेकॅनिक आणि चोरटी दारू पोहोचवणारे तरुण आपल्या रोजच्या वापरातल्या गाड्या मातीच्या आखूड, गोल धावपट्ट्यांवर पळवायचे. दुकानातून विकत घेतलेली, काहीही न बदललेली गाडी, म्हणून ती 'स्टॉक कार'. व्हर्जिनियातलं मार्टिन्सव्हिलचं मैदान 1947 साली सुरू झालं, त्याची फेरी जेमतेम अर्ध्या मैलाची. 1948 साली बिल फ्रान्स यांच्या पुढाकाराने नॅसकार ही संस्था उभी राहिली आणि 19 जून 1949 रोजी शार्लट इथे 'अस्सल स्टॉक' गाड्यांची पहिली शर्यत झाली. ली पेटी नावाचा गडी चक्क मागून आणलेली ब्यूक घेऊन उतरला आणि ती उलटली. पहिला आला ग्लेन डनअवे. पण तपासणीत त्याच्या गाडीच्या मागच्या स्प्रिंगा बदललेल्या निघाल्या, त्याला बाद केलं आणि जिम रोपरला विजयी ठरवलं. म्हणजे पहिल्याच दिवशी पंचांना गाडीखाली वाकून बघावं लागलं. पुढे त्या शर्यतीतल्या गाड्या केवळ शर्यतीसाठीच बांधल्या जाऊ लागल्या आणि नियमांची पुस्तकं जाड होत गेली. कामाचं वाहन आणि शर्यतीचं वाहन वेगळं झालं, की घरचा धाक संपतो आणि नियमाला यावंच लागतं. फरक एवढाच, की तिथे तपासायची ती स्प्रिंग असते. आमच्याकडे तपासायची ती जिवंत कातडी.

आमच्याकडे हा धाक गेल्यावर काय झालं, ते लपवण्यात अर्थ नाही. काठी, चाबूक, खिळ्याची पराणी, शेपटी पिरगाळणं, विजेचा झटका देणारी यंत्रं, सुटण्याआधी दारू पाजणं, हे सगळं महाराष्ट्रातल्या मैदानांवर झालं. जुलै 2011 मध्ये केंद्र सरकारने बैलाचं नाव खेळासाठी ज्यांचं प्रदर्शन करता येत नाही अशा प्राण्यांच्या यादीत घातलं. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूबरोबर बैलगाडी शर्यतींवरही बंदी आणली. 2017 साली राज्याच्या विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती केली, पण मुंबई उच्च न्यायालयात ते अडलं. 16 डिसेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटी घालून परवानगी दिली आणि 18 मे 2023 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या.

बंदीची ती वर्षं गावाने कशी काढली, ते मी पाहिलं आहे. हरभऱ्याचा भरडा महागला होता आणि दावणीचा बैल दिवसाला खातो तेवढं देत नव्हता. एकेक जोडी विकली गेली. काही ठिकाणी पहाटे अंधारात, पोलिसांची गाडी यायच्या आत चोरून शर्यती झाल्या. तिथे ना पंच, ना जनावरांचा डॉक्टर, ना कोणी विचारणारा. चोरट्या शर्यतीत बैलाचे सगळ्यात जास्त हाल झाले, हे बंदीच्या बाजूच्या आणि विरोधातल्या दोघांनीही मान्य करायला हवं. काका तोवर खाटेवरच असायचे. बंदीची बातमी ऐकून ते न्यायालयावर रागावले नाहीत. म्हणाले, "आपुनच बैलाची लाज नाय राखली. कोनीतरी राखायलाच पायजे होती."

याच काळात शेलू बदललं. पूर्वी लोकलमधून उतरलं की भाताचा वास यायचा, आता सिमेंटची धूळ येते. माळावर प्लॉट पडले, खाचरांना कुंपणं आली, बांधाच्या जागी इमारतींच्या भिंती उभ्या राहिल्या. मुंबईच्या गिरणी कामगारांना शेलू आणि वांगणीला घरं देण्याची सरकारी योजना निघाली. ज्यांचं आयुष्य परळ-लालबागला गेलं, त्यांनी आम्हाला मुंबईबाहेर का, असा सवाल करत तिला विरोध केला. त्यांचा सवाल खरा आहे. आणि ज्या जमिनीवर ही घरं, हे टॉवर उभे राहतात, तिथे भात होतं आणि भाताच्या मागे बैल होता, हेही खरं आहे. 2019 च्या विसाव्या पशुगणनेत देशातल्या देशी गुरांची संख्या आधीच्या गणनेपेक्षा सुमारे 6 टक्क्यांनी घटलेली दिसली. आमच्या गावात त्यासाठी गणनेची गरज नाही. ज्या घरात आज बैल आहे, तो शर्यतीसाठीच आहे. नांगराचा बैल शोधायला आता डोंगराच्या कडेच्या ठाकर-कातकरी वाड्यांकडे जावं लागतं.

म्हणून शर्यत बंद व्हावी असं मला वाटत नाही. खिल्लाराचा पैदाशी वळू पाळायला आज जो पैसा आणि हौस लागते, ती या मैदानांतून येते. ट्रॅक्टर आल्यावर देशी गोऱ्ह्याला कोणी विचारत नव्हतं. आज चांगल्या घराण्याच्या खोंडाला लाखांत किंमत येते. कोणी त्याच्या आईचं दूध मोजतं, कोणी बापाची मैदानं मोजतं. बकासूर, मथूर ही बैलांची नावं शाळेतल्या पोरांना पाठ आहेत. 2023 साली सांगली जिल्ह्यातल्या भाळवणीच्या मैदानात पहिलं बक्षीस थार गाडीचं होतं. निकालाला कॅमेरे लागतात, शर्यत मोबाइलवर थेट दिसते आणि दुबईत कामाला असलेला आमचा पुतण्या रात्री फोन करून विचारतो, की आपल्या गावाची जोडी किती अंतराने जिंकली. ही जिवंत हौस आहे आणि ती मरू नये.

पण थारच्या किल्लीपुढे आजीची बोटं कोण ठेवणार? राज्याच्या नियमांत जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आहे, जनावरांच्या डॉक्टरची तपासणी आहे, काठी, चाबूक आणि विजेच्या यंत्राला मनाई आहे आणि नियम मोडणाऱ्याला 5 लाखांपर्यंत दंड किंवा 3 वर्षांपर्यंत कैद आहे. कागदावर आषाढ परत आला आहे. तो मैदानावर यायचा, तर ते काम एकट्या पोलिसांचं नाही. तपासणी सुटण्याआधी होते, तशी ती शर्यतीनंतरही व्हायला हवी. जिंकलेल्या जोडीला बक्षीस देण्याआधी पंचांनी आणि डॉक्टरांनी तिच्या अंगावरून हात फिरवावा आणि वळ सापडला तर गाडी बाद करावी. 1949 साली शार्लटच्या पंचांना पहिल्याच शर्यतीत जे जमलं, ते आम्हाला का जमू नये? डॅशिंग हाकणाऱ्याचे फलक लावता, तसे बैलाला हात न लावता जिंकणाऱ्याचेही लावा. आणि म्हातारा झालेला, पाय मोडलेला बैल शेवटपर्यंत पोसण्याची लेखी हमी प्रत्येक मालकाकडून, प्रत्येक मैदानाने घ्यावी. बक्षिसाच्या रकमेतला थोडा भाग त्यासाठी बाजूला काढला, तर कोणाची हौस कमी होणार नाही.

काका गेले, आजी त्याआधीच गेली. आमच्या दावणीला आज एक खोंड आहे, अजून दात न केलेला. गावी असलेला दुसरा पुतण्या त्याला पुढच्या हंगामात उतरवणार आहे. या पुतण्याला मी जे सांगितलं, तेच या शर्यतीवर जीव असलेल्या प्रत्येकाला सांगतो. बैल मारून पळवलेला दिसला, तर तो आपला असो की परक्याचा, शिट्टी वाजवू नका, उठून पंचांकडे जा. हा खेळ न्यायालयाने आपल्याला परत दिला आहे. तो पुन्हा जायचा असेल, तर आपल्याच हाताने जाईल.